हॅलोविन : भीती खाऊची, धोका रस्त्याचा

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला दिवस कलला की वस्त्यावस्त्यांतून लहान मुलांचे घोळके बाहेर पडतात. कुणी भूत, कुणी चेटकीण, कुणी वाघ, कुणी स्पायडरमॅन. हातात कापडी पिशवी किंवा भोपळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची बादली. दारावरची घंटा वाजवायची, ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे ‘खाऊ देता की खोडी काढू?’ असे ओरडायचे आणि मूठभर गोळ्या-चॉकलेटे घेऊन पुढच्या दाराकडे पळायचे. हा हॅलोविन आता मराठी घरांनाही परका राहिलेला नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले वर्गमित्रांबरोबर हिंडतात आणि नातवंडांकडे राहायला गेलेले आजी-आजोबा दारात खाऊची टोपली घेऊन बसतात. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पुण्या-मुंबईच्या मोठ्या गृहसंकुलांतही मुलांचे हॅलोविन होऊ लागले आहे.

मूल घरी परतले की पालक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पिशवी टेबलावर उलटी करून खाऊ तपासणे. कुणी अनोळखी माणसाने गोळीत विष तर घातले नसेल? सफरचंदात ब्लेडचा तुकडा तर नसेल? ही धास्ती अमेरिकेत गेली पन्नास-साठ वर्षे टिकून आहे. खाऊ तपासण्यात गैर काहीच नाही. पण त्या रात्री मुलांचे प्राण खरोखर कशाने जातात, हे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते.

विषारी खाऊची गोष्ट

डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी या भीतीचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९५८पासूनच्या वृत्तपत्रांतील बातम्या त्यांनी गोळा केल्या आणि प्रत्येक बातमीचे पुढे काय झाले ते शोधले. घरोघर फिरणाऱ्या मुलाला अनोळखी माणसाने विषारी खाऊ दिला आणि त्यामुळे ते दगावले किंवा गंभीर जखमी झाले, अशी एकही सिद्ध झालेली घटना त्यांना आढळली नाही. टाचणी-सुई सापडल्याच्या बऱ्याच तक्रारी मुलांनी किंवा घरच्यांनीच केलेली थट्टा निघाल्या. ज्या थोड्या खऱ्या निघाल्या, त्यांत इजा किरकोळ होती.

मग ही धास्ती आली कुठून? त्यामागे काही खरे मृत्यू आहेत. १९७० मध्ये डेट्रॉइट शहरात पाच वर्षांचा एक मुलगा हेरॉइन पोटात गेल्याने दगावला. दोष हॅलोविनच्या खाऊला देण्यात आला. तपासात कळले की ते हेरॉइन त्याच्याच नात्यातल्या माणसाच्या घरातले होते. १९७४ मध्ये टेक्सासमधील आठ वर्षांच्या मुलाला सायनाइड मिसळलेली साखरेची भुकटी खायला मिळाली आणि त्याचा मृत्यू झाला. ती दिली होती खुद्द त्याच्या बापाने, विम्याच्या पैशांसाठी. संशय अनोळखी माणसावर जावा म्हणून त्याने हॅलोविनची रात्र निवडली होती. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. दोन्ही वेळा मृत्यूचे कारण घरातच होते. लोकांच्या लक्षात मात्र ‘हॅलोविनचा विषारी खाऊ’ एवढेच राहिले.

या भीतीला १९८२ मध्ये मोठा धक्का बसला. त्या शरद ऋतूत शिकागो परिसरात वेदनाशामक गोळ्यांच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरले आणि सात जणांचा बळी गेला. त्या घटनेचा हॅलोविनशी संबंध नव्हता, पण तो सण जेमतेम महिन्यावर आला होता. दुकानातल्या औषधात विष असू शकते, तर शेजाऱ्याच्या चॉकलेटमध्ये का नाही, असे लोकांना वाटले. पुढे अनेक रुग्णालयांनी मुलांच्या पिशव्या एक्स-रे काढून मोफत तपासून द्यायला सुरुवात केली. एक्स-रेमध्ये धातू दिसतो, विष दिसत नाही. तरीही रांगा लागत राहिल्या, कारण त्या चाचणीतून आईबापांना दिलासा मिळत होता.

मृत्यूच्या नोंदी काय सांगतात?

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डॉ. जॉन स्टेपल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघाती मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. दरवर्षीची हॅलोविनची संध्याकाळ, म्हणजे पाच ते मध्यरात्र, घेतली. तुलनेसाठी एक आठवडा आधीची आणि एक आठवडा नंतरची तीच वेळ घेतली, म्हणजे वार बदलत नाही. हॅलोविनच्या ४२ संध्याकाळी वाहनाच्या धडकेने ६०८ पादचारी मरण पावले. तुलनेच्या ८४ संध्याकाळी ८५१. दुप्पट संध्याकाळींचा हा आकडा निम्मा केला तर सुमारे ४२५ होतो. म्हणजे हॅलोविनला पादचारी दगावण्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त. यात सर्व वयाचे पादचारी धरले आहेत. चार ते आठ वर्षांच्या मुलांचा वेगळा हिशेब केला, तेव्हा हा धोका जवळपास दहापट निघाला. धोका सर्वांत जास्त होता तो संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे ऐन अंधार पडताना.

त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मुले रस्त्यावर पायी हिंडत असतात, त्यामुळे आकडा वाढणारच, असे कुणी म्हणेल. ते खरेही आहे. पण मुद्दा तोच आहे. जी मुले एरवी मोटारीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून प्रवास करतात, ती वर्षातून एकदा अंधारात, घोळक्याने, उत्साहाच्या भरात रस्ते ओलांडतात. त्यांना रस्त्याची सवय नसते आणि चालकालाही तिथे मुले असतील ही सवय नसते. अनोळखी माणसाच्या विषाने किती मुले दगावली, याचे उत्तर बेस्ट यांच्या शोधात शून्य येते. रस्त्याच्या नोंदींत शेकडो मृत्यू आहेत. पालकांचे लक्ष मात्र पिशवीवर.

मूल रस्त्यावर का चुकते?

‘सांगितले तरी ऐकत नाही’ ही तक्रार पुरेशी नाही. लहान मुलाची दृष्टी, मेंदू आणि उंची, तिन्ही गोष्टी रस्त्यावर त्याच्या विरुद्ध जातात. समोरून येणारी गाडी किती लांब आहे हे मुलाला कळते, पण ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज प्राथमिक शाळेच्या वयात अजून पक्का झालेला नसतो. लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर राहते. पलीकडच्या घरी मोठी चॉकलेटे मिळतात असे कळले की मधला रस्ता मुलाच्या मनातून जणू पुसला जातो. त्यात उंची कमी. कडेला उभ्या असलेल्या दोन मोटारींच्या मधून मूल बाहेर येते, तेव्हा ते रस्त्यावर पाऊल ठेवेपर्यंत चालकाला दिसत नाही आणि त्यालाही चालक दिसत नाही. उंच बॉनेटच्या गाड्यांपुढे तर चार-पाच वर्षांचे मूल उभे असूनही नजरेआड राहू शकते.

हॅलोविनचा पोशाख या अडचणीत भर घालतो. भूत, वटवाघूळ, चेटकीण यांचे कपडे काळे. मुखवट्याला डोळ्यांसाठी दोन लहान भोके; समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही, आणि गाडी तर बाजूनेच येते. पायघोळ झगा पायात येतो, मोठ्यांचे बूट निसटतात. पडून मनगट किंवा कोपर मोडणे ही या रात्रीची ठरलेली दुखापत.

उपाय साधे आणि स्वस्त आहेत. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा. रंग त्वचेसाठीच तयार केलेला असावा आणि एक-दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून पुरळ येत नाही ना, हे पाहावे. झग्याची लांबी घोट्याच्या वर असावी. पाठीवर, बाह्यांवर आणि पिशवीवर प्रकाश परतवणाऱ्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवाव्यात. मुलाच्या हातात बॅटरी द्यावी. बारा वर्षांखालील मुलांबरोबर जाणते माणूस हवेच. त्या माणसाने मोबाइल खिशात ठेवावा आणि रस्ता ओलांडताना लहानग्याचा हात प्रत्यक्ष धरावा. रस्त्याची एक बाजू पूर्ण करून मग कोपऱ्यावरून एकदाच पलीकडे जावे. दर घरासाठी नागमोडी ओलांडू नये.

अर्धी जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची. त्या संध्याकाळी वस्तीतून जावेच लागले तर वेग नेहमीपेक्षा निम्मा ठेवावा, गॅरेजमधून मागे गाडी काढताना आधी खाली उतरून मागे पाहावे आणि एक मूल रस्ता ओलांडून गेले की त्याच्यामागे दुसरे असणार, हे गृहीत धरावे.

भोपळ्यातली ज्योत

भोपळा कोरून त्यात मेणबत्ती लावण्याची प्रथा आयर्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत रुजली. तिकडे ते सलगम कोरत. अमेरिकेत भोपळा मिळाला. हा भोपळा दाराच्या पायरीवर ठेवतात, म्हणजे ज्योत नेमकी मुलाच्या झग्याच्या उंचीवर येते. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचा चेटकिणीचा झगा अशाच मेणबत्तीने पेटला आणि ती गंभीर भाजली. तिच्या आईने पुढे जाहीरपणे ही हकीकत सांगितली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की असे पोशाख नियमांच्या दृष्टीने ‘खेळणे’ ठरत होते आणि मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगीबाबत जे कडक निकष लागतात, ते त्यांना लागत नव्हते.

इथे मराठी पालकांचा एक गोंधळ होतो. दिवाळीत ‘सुती घाला’ असे आपण सांगतो आणि अमेरिकेत पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा, आग सहज न धरणारा पोशाख घ्या असे सांगतात. दोन्हींमागे कारण आहे. सुती कापड लवकर पेट घेते, पण वितळत नाही. कृत्रिम धाग्याचे कापड तुलनेने उशिरा पेटते, पण पेटले तर वितळून कातडीला चिकटते आणि खोल भाजते. म्हणून नुसत्या धाग्यावर जाऊ नये. कापड किती झिरझिरीत आहे, घेर किती आहे, बाह्या किती लोंबत्या आहेत, हे जास्त महत्त्वाचे. झिरझिरीत, घेरदार कापडाभोवती हवा खेळती असते आणि आग क्षणात वर चढते. विकतच्या पोशाखावर ‘आगरोधक’ अशी खूण आहे का ते पाहावे, अंगाबरोबर बसणारा पोशाख घ्यावा आणि भोपळ्यात मेणबत्तीऐवजी सेलवर चालणारा दिवा ठेवावा. दिव्यात बटनासारखा चपटा सेल असेल तर त्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले हवे. असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते, म्हणून मूल बरे दिसत असले तरी तडक रुग्णालय गाठावे.

कपडे पेटलेच तर पळू नये. थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे आणि लोळावे, हे मुलाला आधीच खेळासारखे करून दाखवावे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे वाहते, साधे गार पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कातडीला चिकटलेले कापड ओढून काढू नये.

डोळ्यांचे खेळ नकोत

मोठ्या मुलांना मांजरासारखे किंवा लालभडक डोळे हवे असतात आणि त्यासाठी रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स ऑनलाइन मागवल्या जातात. अमेरिकेत २००५पासून नंबर नसलेल्या शोभेच्या लेन्सही वैद्यकीय साधन मानल्या जातात आणि चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी त्या विकल्या जातात. मापाची नसलेली लेन्स बुबुळाला घासते. मित्राची लेन्स वापरली किंवा ती नळाच्या पाण्याने धुतली तर जंतू सरळ त्या जखमेत जातात. बुबुळावर व्रण होतो आणि व्रण भरल्यावर तिथे कायमचे फूल पडू शकते. एका रात्रीच्या गमतीसाठी दृष्टी पणाला लावण्यासारखे हे आहे. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

खाऊतले खरे धोके

पिशवी तपासायचीच, पण योग्य गोष्टींसाठी.

पहिला धोका घशात अडकण्याचा. चार वर्षांखालील मुलाला कडक गोल गोळ्या, चिवट टॉफी, शेंगदाणे, पॉपकॉर्न देऊ नये. आपल्याकडे कान-नाक-घसा विभागात मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने जे काढावे लागते, त्यात शेंगदाणा आणि हरभऱ्याची डाळ वारंवार असते. पळताना, हसताना खाऊ तोंडात नको. ठसका लागलेले मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज निघेना, श्वास घेता येईना, ओठ निळे पडू लागले तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थपडा द्याव्यात, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत आणि वर असे पाच झटके द्यावेत आणि वस्तू बाहेर येईपर्यंत हे आलटून पालटून करत राहावे. वर्षाखालील बाळाच्या पोटावर दाब देऊ नये. त्याला पाठीवर पाच थपडा आणि छातीवर पाच दाब द्यावेत. घशात आंधळेपणाने बोट घालू नये. दुसऱ्या माणसाने लगेच मदत बोलवावी.

दुसरा धोका अ‍ॅलर्जीचा. शेंगदाणा, दूध, अंडी, बदाम-अक्रोडसारखा सुकामेवा, तीळ यांपैकी कशाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला एक घासही जिवावर बेतू शकतो. हॅलोविनला वाटायच्या छोट्या चॉकलेटांवर घटकांची यादी बरेचदा नसते. ती मोठ्या पाकिटावर असते. कधी कधी छोट्या आणि मोठ्या चॉकलेटचे घटकही वेगळे असतात. म्हणून ‘हे आम्ही नेहमी आणतो’ यावर विसंबू नये. यादी नसलेला खाऊ बाजूला काढावा. अमेरिकेत २०१४पासून काही घरे दारात हिरवट निळ्या रंगाचा भोपळा ठेवतात. इथे पेन्सिल, स्टिकर, लहान खेळणी असा न खाण्याचा ऐवजही मिळेल, अशी ती खूण. अंगावर गांधी, ओठांना सूज, घोगरा आवाज, धाप, उलट्या, गळून जाणे अशी लक्षणे एकत्र दिसली तर एपिनेफ्रिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूस लगेच द्यावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. अ‍ॅलर्जीची साधी गोळी देऊन वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात.

तिसरा धोका नवा आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाल्यापासून तो घातलेल्या गोळ्या, चॉकलेटे, बिस्किटे घरोघर आली. दिसायला ती मुलांच्या खाऊसारखीच. तिथल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असा पदार्थ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी झाल्या. २०२१ मध्ये ३,०५४. यातील बहुतांश मुलांना तो मिळाला घरातच, मोठ्यांनी उघड्यावर ठेवलेला. इथेही अनोळखी हाताची भीती फोल आणि घरातले कपाट धोक्याचे. मूल एकाएकी फार झोपाळू झाले, तोल जाऊ लागला, श्वास मंदावला तर काय खाल्ले ते न लपवता डॉक्टरांना सांगावे. लपवल्याने निदानाला उशीर होतो आणि मुलाला नाहक तपासण्या सोसाव्या लागतात.

आपल्या संकुलांत

भारतातील हॅलोविन सहसा कुंपणाच्या आत होतो, म्हणून पालक निर्धास्त असतात. पण संकुलातले रस्ते, तळघरातले वाहनतळ, मागे येणाऱ्या मोटारी आणि भरधाव दुचाकीवरून खाऊ पोहोचवणारी मुले हेही रस्तेच आहेत. समितीने ठरवले तर संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत आतील रस्ता वाहनांसाठी बंद ठेवता येतो. याला खर्च नाही. सण दिवाळीच्या आगेमागे येतो, तेव्हा दारादारात पणत्या असतात. घेरदार झगा घातलेली मुले जिन्यातून पळणार असतील तर पणत्या उंचावर ठेवाव्यात.

निघण्यापूर्वी पाहा

• पोशाख घोट्याच्या वर आहे, बूट मापाचे आहेत, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावल्या आहेत.
• चेहरा मोकळा आहे, मान न वळवता दोन्ही बाजूंचे दिसते.
• सोबत जाणते माणूस आहे, बॅटरी चालू आहे.
• घरून पोटभर खाऊन निघाले आहेत, म्हणजे वाटेत पिशवीत हात जाणार नाही. घरी आल्यावर मोठ्यांनी पाहिल्यावरच खाऊ खायचा, हे ठरले आहे.
• वेष्टन फाटलेला, घटकांची यादी नसलेला किंवा ओळखू न येणारा खाऊ टाकून द्यायचा.
• अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचे इंजेक्शन सोबतच्या माणसाच्या खिशात आहे आणि ते कसे द्यायचे हे त्याला माहीत आहे.
• तातडीच्या मदतीचा क्रमांक तोंडपाठ आहे : अमेरिकेत ९११, महाराष्ट्रात १०८ किंवा ११२.

मुलांना घरी डांबून ठेवण्याचे कारण नाही. शेजाऱ्याचे दार वाजवणे, अनोळखी आजीला हसून धन्यवाद देणे, मिळालेला खाऊ भावंडांत वाटणे, हे मुलांनी शिकावे असेच आहे. शेजारी विष देतील असे मुलांच्या मनात भरवण्यापेक्षा रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरावा. त्या रात्री जीव वाचवणारी गोष्ट बहुतेक वेळा तीच असते.